टेबलावर मावणारं मशीन

शिरवळ,
११ फेब्रुवारी २०२४

आप्पा,

परवा मी फोनवर घसा फाटेस्तोवर ओरडत होते आणि तू प्रत्येक वाक्याला "बरं हाय, बरं हाय" एवढंच म्हणत होतास. मग वहिनींनी फोन घेतला आणि सांगितलं की तुला आता काहीच ऐकू येत नाही. डावा कान लहानपणी फुटला तो फुटलाच. उजव्यावर सगळं चाललं होतं, तोही गेला म्हणाल्या. मेसेज टाकला तर वहिनींच्या मोबाइलवर अख्खी वस्ती वाचते आणि तुला बारीक अक्षरं हलल्यासारखी दिसतात. म्हणून पत्र लिहिते आहे. होस्टेलवर असताना तुला लिहायचे, त्यानंतर हे पहिलंच.

मी पुण्याची नोकरी सोडली. आता शिरवळला असते. हायवेपासून आत कारखान्यांची रांग आहे, त्यात शेवटच्या पत्र्याच्या शेडमध्ये नानासो म्हणून साठीतले एक गृहस्थ आहेत. त्यांनी जन्मभर दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त केली. आता त्यांना स्वतःचं एमआरआय मशीन बनवायचं आहे. एमआरआय म्हणजे चुंबक लावून शरीराच्या आतलं चित्र काढायचं, कुठं कापायचं नाही. मोठ्या दवाखान्यातलं मशीन अख्खी खोली खातं. आमचं टेबलावर मावेल, आणि इतकं स्वस्त असेल की तालुक्याच्या गावीसुद्धा ठेवता येईल. काम करणारे आम्ही दोघंच. दिवाळीपर्यंत तयार करायचं ठरवलं आहे.

कान डॉक्टरांना दाखव. नुसतं "बरं हाय" नको.

तुझी,
स्वप्नाली


माडग्याळची वस्ती,
२८ फेब्रुवारी

बाळ स्वप्नाली,

पत्र मिळालं. पोस्टमन बांधावरनं हाका मारत हुता म्हणं. मी पाठमोरा, मला काय कळतंय. शेवटाला दगडाखाली ठिवून गेला. मी बघितलं तवा एका कोकरानं पाकिटाचा कोपरा खाल्ला हुता. आतलं शाबूत हाय.

कान दाखवलाय. गेल्या हिवाळ्यात सांगलीला गेलो हुतो. डॉक्टर म्हणला वयाचं हाय, हुतं असं. चव्वेचाळीस मंजी काय कमी वय न्हाई. तू काळजी करू नगं.

तुझ्या मशीनचं दोनदा वाचलं. तुझ्या वहिनीला, मायाला बी वाचून दावलं. ती म्हणाली, आपली पोरगी लय मोठं काम करती. एक इचारतो. टेबलावर मावतं मंजी माणसाला आत घालाय लागत न्हाई का? भुयारागत नसतंय न्हवं?

पाण्याचा टँकर आता एक दिसाआड येतो. मेंढरं बरी हाईत.

तुझा,
आप्पा


शिरवळ,
१९ मार्च

आप्पा,

भुयार कुठलं! टेबलावर ठेवलेली एक रिंग आहे, जाड बांगडीसारखी. कुणालाही आत शिरावं लागणार नाही.

सध्या आम्ही चुंबक बसवतोय. साखरेच्या वडीएवढे ठोकळे असतात, पण ताकद अशी की दोन जवळ आले की मधलं बोट चेचून काढतात. माझी दोन नखं काळी झाली आहेत. प्रत्येक ठोकळ्याचं तोंड ठरलेल्या दिशेला करून खाचेत चिकटवायचा. तसं केलं तरच सगळ्यांची ओढ मधोमध एक होते. परवा एक ठोकळा हातातून सुटला आणि नानासोंच्या चष्म्याच्या दांडीला जाऊन बसला. ते म्हणाले, "बरं झालं, डोळ्यात नाही बसला."

तू विचारशील, चित्र कसं येतं? आपल्या अंगात सगळीकडे पाणी आहे. त्याचे कण या चुंबकात एका तोंडानं उभे राहतात. मग रेडिओसारखी लहर सोडून त्यांना हुसकायचं. परत जागेवर येताना ते अगदी बारीक हाक देतात. ती हाक कुठून आली हे पकडलं की झालं चित्र. तूर्त आम्ही मोरचूद घातलेल्या पाण्याच्या नळीवर चाचणी करतोय. मोरचुदानं कण लवकर जागेवर येतात.

वयाचं आहे असं डॉक्टर म्हणाले असतील तर कानाचं मशीन तरी घे. उन्हाचं जपून फिर.

स्वप्नाली


माडग्याळची वस्ती,
२४ एप्रिल

बाळ स्वप्नाली,

मोरचूद मंजी आमी मेंढरांच्या खुरांना लावतो त्योच ना? त्याचा असा उपेग हुतो हे ऐकून नवल वाटलं. इथं डबाभर हाय, लागला तर सांग.

ऊन लय हाय. दोन-तीनदा पडलो. ढेकळात पाय अडकतो, दुसरं काय न्हाई. माया उगंच घाबरती.

मशीनला वजन किती असंल? एस्टीत घालून आणता येईल का? आन चित्र काढताना माणसाला किती येळ गप बसाय लागतं? मी तासभर बी बसंन. उघड्यावर असलं तर मला बसाय काय वाटत न्हाई.

आप्पा


शिरवळ,
३० मे

आप्पा,

तुझ्या प्रश्नांनी नानासो खूश आहेत. म्हणाले, "असं गिऱ्हाईक पाहिजे, पहिल्यांदा वजन विचारतं." वजन पंचवीस किलोच्या आत राहील. एस्टीच्या डिकीत आरामात बसेल, अर्धं तिकीट काढू. चित्राला दहा-पंधरा मिनिटं पुरतील.

थोड्या अडचणी आहेत, चालायचंच. चुंबक तापला की त्याची ताकद उतरते. सकाळी पकडलेली हाक दुपारी पत्रा तापला की हातातून निसटते, आणि आम्ही रेडिओचं स्टेशन हरवल्यासारखे शोधत बसतो. शेजारच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर सुरू झाला की त्याचाच गोंगाट आमच्या वायरीत शिरतो. म्हणून सगळं तांब्याच्या पत्र्याच्या पेटीत बसवलं आहे. बरंचसं झालं, थोडं राहिलं आहे.

पडलास म्हणतोस, तर बूट घाल. तो टायरचा जोडा आता तरी टाकून दे.

स्वप्नाली


माडग्याळची वस्ती,
३ ऑगस्ट

बाळ स्वप्नाली,

तुझं जूनमधलं पत्र आलं न्हाई. का तू लिहिलंच न्हाईस? काम अडलं असंल तर अडू दे. घाई करून बिघडवू नगं.

शेजारच्या वस्तीवरचा अर्जुना टेंपो घेऊन पुण्याला चाललाय. त्याच्याजवळ डाळिंबं दिलीत. तू मायाला फोनवर सांगितलंस की आता फळावर चाचणी हाय, बारकी पायजेत. म्हणून माळावरच्या झाडाची मुद्दाम बारकी काढली. वाटंत शिरवळला उतरवंल.

अक्षर वाकडं आलंय, हसू नगं. वही गुडघ्यावर हाय. चष्म्याचा नंबर बदलला असंल. गालाला मुंग्या येत्यात, दात काढाय पायजे एखादा. माया दवाखाना दवाखाना करती. मी म्हणलं, दिवाळीला स्वप्नाली येणारच हाय, तवर कशाला?

आप्पा


शिरवळ,
९ सप्टेंबर

आप्पा, चित्र आलं!

सोबत फोटो पाठवते आहे. राखाडी आहे, कडेला थोडं फिस्कटलं आहे, पण नीट बघ. तुझं डाळिंब आहे हे. पापुद्र्यांच्या भिंती काळ्या आणि दाणे पांढरे. एक एक दाणा मोजून घे. कापलं नाही, टोचलं नाही.

जूनमध्ये लिहिलं नव्हतं हे खरं. काही जमतच नव्हतं. हाक पकडणाऱ्या तांब्याच्या तारेची वेटोळी चारदा उकलून चारदा गुंडाळली. नानासो म्हणायला लागले होते की शेड भाड्यानं देऊन टाकू. मग परवा सकाळी पाऊस होता, पत्रा गार होता, शेजारी सुट्टी होती, आणि पडद्यावर रेघ रेघ करत हे उमटलं. नानासो चष्मा पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. मला वाटतं रडत होते.

आणि ऐक. दुसऱ्या डाळिंबाच्या चित्रात एका बाजूला दाणेच दिसेनात. आम्हाला वाटलं मशीन चुकलं. फळ वरून लाल, चकचकीत, कुठे डाग नाही. मग कापलं, तर नेमकं त्याच जागी आतून काळं पडून सडलेलं! आमच्या मशीनला ते आधी कळलं होतं.

दिवाळीला चार दिवस येते. वहिनींना सांग, करंज्या मी आल्यावर करू.

तुझी,
स्वप्नाली


माडग्याळची वस्ती,
१२ ऑक्टोबर

बाळ स्वप्नाली,

तुझा फोटो मी देवाजवळ लावलाय. बिरोबाच्या तसबिरीशेजारी डाळिंब बघून येणारं जाणारं इचारतंय. मी म्हणतो, माझ्या बहिणीनं काढलाय, न कापता.

आता तुला खरं सांगतो. सांगतो कारण आता भ्यायचं कारण ऱ्हायलं न्हाई. सांगलीचा डॉक्टर वयाचं हाय असं म्हणला नव्हता. कानाच्या मागं नसंवर गाठ असंल, एमआरआय काढल्याशिवाय कळणार न्हाई, असं म्हणला हुता. चिठ्ठी दिली हुती. मी गेलो बी. पर त्या नळीत मला ऱ्हावलं न्हाई. उठून आलो. मायाला सांगितलं, मशीन बंद हुतं.

घरी आलो आन दोन महिन्यांत तुझं पत्र आलं. देवच पावला म्हणलं. टेबलावरचं मशीन, आत जायाचं न्हाई, दिवाळीला तयार. आपलं घरचं असताना त्या नळीत कशाला मरायचं? म्हणून थांबलो.

आता जरा जास्त झालंय. काठी घेतल्याबगार चालता येत न्हाई. पाणी पिताना ठसका लागतो, नाकातनं येतं. सकाळचं डोकं लय दुखतं, वांती हुती. उजवा गाल आपला न्हाईच असं वाटतं. पर डाळिंबाचं सडकं त्येला दिसलं तर माझं बी दिसंल. दिवाळीला येताना मशीन संगं आण. एस्टी स्टँडवर मी अर्जुनाला घेऊन येतो, उचलाय दोघं लागतील.

आप्पा


माडग्याळची वस्ती,
१७ ऑक्टोबर

आप्पा, तुझ्यासमोर बसून हे लिहिते आहे. पत्र सकाळी मिळालं आणि मी तशीच निघाले. बोलून तुला कळणार नाही, म्हणून वही मध्ये ठेवते. वाच आणि खाली तुझं लिही.

मशीन आणलं नाही. ते तुझ्या कामाचं नाही. त्याचं भोक माझ्या मुठीएवढं आहे. डाळिंब मोठं असलं तर तेही आत जात नाही, म्हणून तर बारकी मागितली होती. कॉलेजच्या पोरांना शिकवण्यासाठी बनवतोय ते. माणसासाठी नाहीच.

आप्पा : मोठं करता येत न्हाई का?

स्वप्नाली : डोकं मावेल एवढं करायला वर्षं लागतील. आम्हाला जमेलच असंही नाही.

आप्पा : तालुक्याला ठिवता येईल असं तू लिहिलं हुतंस.

स्वप्नाली : लिहिलं होतं. तालुक्याच्या कॉलेजात, असं लिहायला हवं होतं. ते लिहिलं असतं तर काम लहान वाटलं असतं. तुला मोठं वाटावं म्हणून तेवढं गाळलं.

आप्पा : मला तर तू चुंबकाचा ठोकळा चिकटवलास तरी मोठंच वाटलं असतं.

स्वप्नाली : तू भुयाराचं विचारलंस तेव्हा मला कळायला हवं होतं. किती वेळ गप्प बसायचं, हे कोण उगाच विचारतं? मी थट्टा केली. नळीतून का उठून आलास?

आप्पा : तू आठ वरसाची हुतीस, आठवतंय का? हिरीचा गाळ काढताना दरड आली. दोन तास गळ्यापतूर मातीत हुतो. त्या नळीत सरकवलं आन तीच माती अंगावर आली. हातात रबराचा फुगा दिलेला, त्यो दाबला. भाईर काढलं.

स्वप्नाली : झोपेचं इंजेक्शन देऊन चित्र काढता येतं, आप्पा. तुला आत नेलेलंसुद्धा कळत नाही.

आप्पा : हे मला कुणी सांगितलं न्हाई.

स्वप्नाली : तू कुणाला विचारलंस का?

आप्पा : कुणाला इचारणार? मी तर मशीन बंद हुतं म्हणून सांगितलेलं.

स्वप्नाली : मला विचारायचंस. मी तेच काम करते.

आप्पा : तुला इचारलं असतं तर तू काम सोडून पळत आली असतीस. आलीसच बघ.

आप्पा : रडू नगं. पान भिजतंय, मला वाचता यायचं न्हाई.

स्वप्नाली : सकाळी सहाच्या गाडीनं सांगलीला जाऊ. मी आत तुझ्याबरोबर उभी राहते.

आप्पा : बरं. मायाला तू सांग. मशीन बंद नव्हतं हे बी तूच सांग. मला तिच्याकडं बघवणार न्हाई.


शिरवळ,
२२ डिसेंबर

आप्पा,

तू घरी गेल्यापासून वहिनींना रोज फोन करते. त्या म्हणतात, सगळं ठीक आहे. तुझ्या घरात हे शब्द सगळ्यांना फार लवकर सुचतात, म्हणून तुलाच लिहिते.

हॉस्पिटलमध्ये तुला सगळं सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण पुन्हा काही गाळायचं नाही असं ठरवलं आहे. गाठ कॅन्सरची नव्हती. कानाच्या नसेवर हळूहळू वाढत होती आणि मेंदूच्या देठाला टेकली होती. चेहऱ्याची नस तिला पूर्ण चिकटलेली. ऑपरेशनला नऊ तास लागले. ती नस वाचली नाही. उजवा डोळा मिटत नाही तो त्यामुळे. थेंब घालायचे चुकवू नकोस, रात्री पट्टी लावून झोप. तोल काही प्रमाणात येईल, पूर्ण येईल की नाही ते माहीत नाही.

मी डॉक्टरांना एकटी गाठून विचारलं होतं, वर्षापूर्वी आला असता तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "वर्षापूर्वीचं चित्रच नाही, तर कशाशी ताडून सांगू?" माझ्यावर रागवले असते तर बरं झालं असतं. तेवढाही आधार त्यांनी दिला नाही.

मशीन गेल्या सोमवारी कॉलेजात पोचवलं. मुलांनी त्यात लिंबू ठेवलं, भेंडी ठेवली. एका मुलीनं स्वतःचं बोट घालून बघितलं आणि पडद्यावर हाड दिसल्यावर किंचाळली. सगळे टाळ्या वाजवत होते. नानासोंना हार घातला. मला चार शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले आणि बसले.

नानासो आता विचारतात, पुढचं मोठं करू या का, निदान मनगट जाईल एवढं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. रोज शेडमध्ये जाते, कुलूप काढते, झाडून घेते. चुंबकाला हात लावला की तुझा चेहरा समोर येतो, आधीचा की आताचा, तेही कळत नाही.

तू मला एकदा तरी दोष दे. लिहून दे म्हणजे झालं.

स्वप्नाली


माडग्याळची वस्ती,
९ जानेवारी २०२५

बाळ स्वप्नाली,

लिहाय लय दिवस लागलं. एक ओळ लिहायची आन डोळा मिटून बसायचं. उजवा मिटत न्हाई, त्यो मायानं हातानं धरायचा.

दोष देयाला मी बसून बघितलं. तुला देयाचा मंजी तुझ्या पत्रांना देयाचा. ती पत्रं मी काढून परत वाचली. वरीसभर त्यांच्यावरच तर काढलं. तेवढं वरीस मला भ्या वाटलं न्हाई. आता हे चांगलं का वाईट, मला ठरवता येत न्हाई. डॉक्टरला बी येईना, मग मी कोण? आन खोटं बोलायचं मी सुरू केलं हुतं, तू न्हाई.

काल कळप गेला. दरवर्षीगत खाली उसाच्या मुलखाला, महिनाभरासाठनं. मी जन्मल्यापासनं पहिल्यांदा माझ्याबगार गेला. अर्जुनानं आपल्यात घालून घेतला. मी म्हणलं, मला उंबऱ्यात बसव, तेवढं बघतो. मायानं घोंगडं टाकून दिलं. तोंडं हालत हुती, घंट्या हालत हुत्या, मला नुसती धूळ दिसत हुती. मेंढरं गेली. घोड्यावरचं बिऱ्हाड गेलं.

आपला वाघ्या कुत्रा तेवढा गेला न्हाई. निम्म्या वाटंवरनं माघारी पळत आला आन माझ्या म्होरं येऊन उभा ऱ्हायला. त्येचं कसं हाय, मी शीळ घातल्याबगार त्यो कळपामागं जात न्हाई. एक लांब शीळ मंजी जा. पिल्लू हुता तवापासनं तेवढंच शिकवलंय.

मी तोंड केलं. व्हट एका अंगाला लोंबतोय, वारं तिकडनंच निघून जातं. दोन बोटांनी व्हट दाबून धरला, तरी वारंच गेलं. आवाज निघाला का न्हाई ते मला कळायचं न्हाई, पर त्यो हालला न्हाई मंजी निघाला नसंल. धा-बारा डाव केलं. त्यो मान वाकडी करून माझ्या तोंडाकडं बघत हुता. शेवटाला मायानं त्येच्या गळ्यात कासरा घातला आन वडत नेला. पार वड्यापतूर त्यो मागं बघत गेला.

तू शेडात जा. मनगटाएवढं कर. आन मला लिहीत ऱ्हा, त्यात काय जमलं न्हाई ते बी लिही.

तुझा,
आप्पा